पुढे ढकललेली आई

शेवटी आई जाते. म्हणजे बाहेरगावी नाही. तशी जाते.

हे आधीच सांगून टाकलं, कारण नंतर कुणी म्हणायला नको की हसवत हसवत नेलं आणि ऐनवेळी दगा दिला. आता सांगून झालंय, तेव्हा ते वाक्य पुसून टाकू. आई कुठेही गेलेली नाही. ती बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसली आहे, पाय स्टुलावर आहेत, आणि रेडिओवर कुणीतरी साबणाने हात कसे धुवावेत ते समजावून सांगतंय. "यांना यांच्या आईने शिकवलं नाही वाटतं," असं ती रेडिओला म्हणतेय. कोण गेलं? कुणीच गेलेलं नाही.

तिचा मुलगा त्या वेळी स्वयंपाकघरात ओट्याशी बसून कामावर गेला होता. साथ आल्यापासून लोक असेच कामावर जात. शहरातल्या सगळ्यात मोठ्या हॉस्पिटलात कॅन्सरची वेगळी इमारत होती, आणि त्या इमारतीच्या तारखा विभागात तो होता. तपासणीची तारीख, ऑपरेशनची तारीख, औषध चढवायची तारीख, सगळ्या तिथूनच सुटत. आवाज गोड, आणि एकच वाक्य दिवसभर त्याच गोडीने म्हणायची ताकद, म्हणून विभागात सगळे त्याला पोपट म्हणत. त्याच्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाला खोकल्या म्हणत, कारण प्रत्येक वाक्याआधी त्याला खाकरायची सवय होती. साथ आली तशी खोकल्याला फोनवरून काढून टपाल बघायला बसवलं. त्याच्या फोनवर पेशंट पलीकडे खिडक्या उघडायला लागले होते.

साथ तापाची होती. बघता बघता अख्खी कॅन्सरची इमारत तापाला द्यावी लागली. खाटा तापाच्या, ऑक्सिजन तापाचा, नर्स तापाच्या. कॅन्सरला सांगण्यात आलं की बाबा, तुझं जरा नंतर बघू. रोग्यांनी ऐकलं. रोगाला फोन नव्हता.

रोग्यांना फोन करायचं काम पोपटकडे आलं. वाक्य वरून ठरवून दिलेलं होतं. "नमस्कार. साथीच्या परिस्थितीमुळे आपली तारीख पुढे ढकलण्यात येत आहे. नवीन तारीख लवकरच कळवण्यात येईल. आपल्याला हे मान्य असल्यास कृपया 'मान्य आहे' असं म्हणा." मान्य नसल्यास काय म्हणायचं, याची सोय केलेली नव्हती. तसं कुणी म्हणालं तर वाक्य पहिल्यापासून सुरू करायचं. एका आजोबांनी ते लागोपाठ कितीदा तरी ऐकून घेतलं आणि शेवटी म्हणाले, "मान्य आहे हो. पण तुम्ही बोलता फार छान."

हेच तर होतं. पोपट बोलायचा फार छान. ज्यांची तारीख गेली ते त्याचे आभार मानून फोन ठेवत. विभागाच्या मोठ्या बाईंनी एकदा पडद्यावरच्या मीटिंगमध्ये सांगितलं, की याचा आवाज ऐकला की माणसाला आपलं काही गेलं असं वाटतच नाही. पोपट त्या दिवशी लाजला. दुसऱ्या दिवसापासून फोनला बसायच्या आधी तो कोमट पाणी प्यायला लागला. कलेचं असंच असतं, एकदा कौतुक झालं की माणूस घसा सांभाळतो.

आता आईचं. आई बसमध्ये कंडक्टर होती, रिटायर झालेली. तिचा जगात एकाच गोष्टीवर विश्वास होता, रांगेवर. शेवटच्या थांब्यावर ती लोकांना रांगेत उभं केल्याशिवाय दार उघडत नसे. एकदा तिचा सख्खा भाऊ, म्हणजे पोपटचा मामा, हातात जड पिशवी घेऊन पुढून घुसायला गेला. आईने त्याला शेवटी पाठवलं. मामाचा नंबर येईपर्यंत बस भरली, दार लागलं, मामा पिशवीसकट चालत घरी गेला आणि त्यानंतर कित्येक वर्षं बहिणीशी बोलला नाही. "रांगेत उभा राहिला असता तर बोलत असता," एवढंच आई म्हणायची.

साथ यायच्या थोडं आधी आंघोळ करताना आईच्या हाताला काखेत गाठ लागली. वाटाण्याएवढी. दुखत नव्हती, खुपत नव्हती, नुसती होती. डॉक्टरांनी चाचपून बघितलं आणि सांगितलं, की तुकडा काढून तपासायला हवा, तारीख घ्या. तारीख घ्यायला आई पोटच्या पोराच्या खिडकीसमोर रांगेत उभी राहिली. आत बसलेल्या पोपटला दोन डोक्यांपलीकडे आपली आई दिसत होती. त्याने मानेने खुणावलं, पुढे ये. तिने डोळे वटारले. नंबर आल्यावर तिने काचेच्या भोकाशी तोंड नेऊन स्वतःचं पूर्ण नाव सांगितलं, आणि वय सांगताना जरा आवाज कमी केला. तारीख मिळाली.

तारखेच्या आधी ताप आला. तिला नाही, शहराला.

आणि एका सकाळी त्या दिवशी ज्यांना फोन करायचे त्यांच्यात आईचं नाव निघालं. उठून बाहेरच्या खोलीत जाऊन सांगितलं असतं तरी चाललं असतं, असं कुणालाही वाटेल. चाललं नसतं. फोन रेकॉर्ड होत असे, आणि पेशंटने स्वतःच्या तोंडाने 'मान्य आहे' म्हटलेलं ऐकू आलं नाही तर तो फोन झालाच नाही असं धरत. पोपटने कोमट पाणी घेतलं आणि नंबर फिरवला. बाहेर घंटी वाजली.

"हॅलो, कोण?"

"नमस्कार. मी कॅन्सर इमारतीच्या तारखा विभागातून बोलतोय."

"बोला साहेब." आवाज एकदा फोनमधून आला आणि एकदा भिंतीतून.

"साथीच्या परिस्थितीमुळे आपली तारीख..."

"जरा मोठ्याने बोला हो. आमच्या स्वयंपाकघरात कुणीतरी बडबडतंय."

"...पुढे ढकलण्यात येत आहे."

"अगंबाई. किती पुढे?"

"नवीन तारीख लवकरच कळवण्यात येईल."

"म्हणजे तुम्हालाही ठाऊक नाही."

"नाही."

"मग तसं सरळ सांगा की. जन्मभर मी लोकांना पुढे सरका, पुढे सरका म्हणत आले, आता मलाच सरकवताय होय?"

पोपटने फोनवर हात दाबून धरला. "आई! रेकॉर्ड होतंय हे!"

"होऊ दे. मी काय शिव्या देतेय? साहेब, एक विचारू का?"

"विचारा."

"घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"आपल्याला हे मान्य असल्यास कृपया..."

"मान्य आहे, मान्य आहे. आणि गॅसवर दूध आहे, तेवढं बघा."

दूध केव्हाच उतू गेलं होतं. पुढे फोन तपासणाऱ्यांनी त्या फोनला चांगला शेरा दिला. फक्त 'मागे काहीतरी करपल्याचा आवाज' असं लिहिलं. करपल्याचा आवाज कसा असतो, हे त्यांनाच माहीत.

ओटा पुसताना पोपटला हलकं वाटलं, हेही सांगायला हवं. रोज कुणाची ना कुणाची बातमी येत होती. काल लिफ्टवाला, आज लॅबमधली ताई. अशा ठिकाणी आईला न्यायचं कसं? ताप दारात उभा होता आणि गाठ काखेत होती. माणूस दाराकडे बघतो.

काही महिन्यांनी मीटिंगमध्ये मोठ्या बाईंनी एक आलेख दाखवला. शहरात कॅन्सरचे नवे रुग्ण एकदम निम्म्यावर आले होते. रेघ अशी खाली गेली होती की कुणीतरी न राहवून टाळ्या वाजवल्या.

"टाळ्या काय वाजवताय?" बाई म्हणाल्या. "तपासण्या बंद आहेत. सापडणार कुठून?"

टाळ्या थांबल्या. पण रेघ तोवर रेडिओपर्यंत पोचली होती. तिथल्या निवेदकाने ती शुभवर्तमानासारखी वाचून दाखवली. थर्मामीटर फोडला की ताप उतरतो, हा शोध शहराला नव्याने लागला होता.

"ऐकलंस का?" आई आत ओरडली. "कॅन्सर कमी झाला म्हणे."

"तपासणी बंद आहे, आई."

"तेच म्हणते. तिकिटं फाडली नाहीत म्हणजे गाडी रिकामी होती, असं नसतं."

मग जोर थोडा ओसरला आणि इमारतीतली एक खोली तपासण्यांसाठी परत मिळाली. एकच खोली. तिच्यासाठी नियम झाला, की ज्यांच्या रिपोर्टात रोग पक्का आहे ते आधी. ज्यांचा रिपोर्ट नाही ते मागाहून, रांगेने. आईचा रिपोर्ट नव्हता, कारण तपासणी झाली नव्हती. आणि तपासणी लवकर होत नव्हती, कारण रिपोर्ट नव्हता. आधी कोंबडी की आधी अंडं, हा प्रश्न इतके दिवस लोक गंमत म्हणून विचारत.

मागची रांग हळूहळू हलत असताना एक दिवस अचानक एक जागा रिकामी झाली. दुसऱ्या दिवशीची तारीख असलेल्या बाईंना पोपटने फोन केला, तर त्यांच्या सुनेने उचलला. सासूबाई तापात गेल्या, म्हणाली. मग म्हणाली, "तारीख दुसऱ्या कुणाला द्या." इतक्या शहाणपणाने बोलली की पोपटला त्याचं ते गोड वाक्य काही सुचलं नाही.

जागा उद्याची होती. रांगेत पुढे एक गवंडी होता, त्याच्यामागे आणखी काही लोक, आणि त्यांच्यामागे आई. पोपटने फोन खाली ठेवला आणि बाहेरच्या खोलीत आला.

"आई, उद्या सकाळी जायचंय. तुझा नंबर लागला."

"बरं झालं." तिने रेडिओ बंद केला. "माझ्या पुढे कोण होतं?"

"कोण असणार? कुणी नाही."

"इकडे बघून सांग."

"सांगितलं ना."

"विनातिकीट माणूस खिडकीबाहेर बघतो. मी जन्मभर त्यांनाच पकडलंय. तू मघापासून खिडकीबाहेर बघतोयस."

पोपट खुर्चीसमोर खाली बसला. "एक गवंडी आहे. आणि अजून दोन-चार जण. आई, सगळेच आपापल्या माणसांना घुसवतायत. तुला काय माहीत आत काय चाललंय ते."

"सगळेच घुसतात म्हणून तर चेंगराचेंगरी होते."

"ही बस नाहीये!" तो ओरडला. त्याचा तो सुप्रसिद्ध आवाज पार फाटला. "पुढची येईल असं म्हणायला ही बस नाहीये, आई!"

आईने विचारलं, "त्याची गाठ कुठे आहे?"

"मानेवर."

"म्हणजे येताजाता लोक बघत असतील. माझी निदान झाकलेली तरी आहे."

"म्हणून काय..."

"काखेत गाठ नि गावाला वळसा, असंच म्हणायचंय ना तुला? म्हणून झालं असेल तर लाव त्याला फोन. मी बसते इथे. आणि नीट बोल त्याच्याशी, असा भुंकू नकोस."

त्याने फोन लावला. खरं सांगायचं तर लावताना त्याच्या मनात एक पळवाट तयार होती. उद्या आई इमारतीत जाणार नाही, म्हणजे ताप घेऊन येणार नाही. वाटाण्याएवढी तर आहे. थांबेल. ज्याला रोज शंभर लोकांना थांबायला सांगून पगार मिळतो, त्याला थांबण्याचं काहीच वाटेनासं होतं.

"उद्या?" गवंडी फोनवर म्हणाला. "खरंच उद्या? साहेब, तुमच्या तोंडात साखर पडो."

"मास्क लावून या हो!" आई मागून ओरडली. तेही रेकॉर्ड झालं.

पुढे काही दिवसांनी गवंड्याने स्वतःहून विभागात फोन केला. हसत होता की रडत होता ते कळत नव्हतं. साधी चरबीची गाठ निघाली होती. डॉक्टर म्हणाले, जा, अजून शंभर भिंती बांध. पोपटने त्याचं अभिनंदन केलं, गोड आवाजात, आणि बाहेर येऊन आईला सांगितलं. आईने टाळी वाजवली.

"बघ! एक तरी सुटला."

पोपट आत गेला आणि धुतलेले कप परत धूत बसला. मनातल्या मनात त्याने त्या गवंड्याला त्याने बांधलेल्या सगळ्या भिंतींखाली गाडला. मग परत उकरून काढला. त्या बिचाऱ्याने काय केलं होतं? त्याला फोन आला, तो गेला.

त्यानंतर आईची पाठ दुखायला लागली. आयुष्यभर चालत्या गाडीत उभी राहिलेली बाई, पाठ दुखणारच, असं आई म्हणाली आणि पोपटलाही ते फार पटलं. पटण्यासारखं काही मिळालं की माणूस ते सोडत नाही. त्याने पट्टा आणला, शेकायची पिशवी आणली, मलम आणलं. आई जेवण कमी करायला लागली तेव्हा तो म्हणाला, घरात बसून भूक कुठून लागणार. वजन उतरलं तेव्हा शेजारच्या काकू खिडकीतून म्हणाल्या, "काय हो, काय करता? आम्हालाही सांगा." आई म्हणाली, "रांगेत उभं राहते."

नंबर रीतसर आला. मधे कुणी घुसलं नाही, कुणी गळलंही नाही. आई इस्त्रीचे कपडे घालून गेली. इमारतीत पोपट इतक्या महिन्यांनी पाऊल टाकत होता. त्याच्या खिडकीवर पुठ्ठा लावला होता. तुकडा काढला, फोटो काढले, आणि मग एक दिवस दोघं तरुण डॉक्टरसमोर बसले. डॉक्टरच्या चष्म्यावर वाफ धरली होती. त्याने चष्मा पुसला, कागद वाचले, परत चष्मा पुसला.

"इतके महिने कुठे होतात तुम्ही?"

पोपटने तोंड उघडलं. त्याच्या आधी आई बोलली.

"रांगेत."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. "सॉरी," तो म्हणाला. "हल्ली मी सगळ्यांना हेच विचारतो. विचारायला नको." मग त्याने सांगितलं. पाठीचं दुखणं बसमधलं नव्हतं. मणक्यात गेलं होतं, यकृतातही गेलं होतं. आता दुखू नये एवढं बघायचं. "साथीच्या आधीच तुकडा काढला असता, तर..." असं म्हणून तो थांबला. त्या 'तर'च्या पुढे काय आहे ते तिघांनाही दिसत होतं. तिथे आई पुष्कळ वर्षं खुर्चीत बसून रेडिओशी भांडत होती.

परत येताना टॅक्सीत आईने त्याचा हात धरला. चालक आणि त्यांच्यामध्ये प्लास्टिकचा पडदा होता. तो वाऱ्याने फडफडत होता.

"गप्प का?" आई म्हणाली.

"काही नाही."

"त्या दिवशी फोनवर किती छान बोललास रे. मी चेष्टा करत होते, पण आत धाकधूक होत होती. तुझा आवाज ऐकला आणि मला खरंच वाटलं, चार दिवसांचा तर प्रश्न आहे. काही होत नाही." तिने त्याच्या हातावर थोपटलं. "म्हटलं, हा इतका शांत आहे, म्हणजे घाबरण्यासारखं काही नसेल."

तिने हे त्याला बरं वाटावं म्हणून सांगितलं होतं.

पुढचं आपण सुरुवातीलाच पुसून टाकलंय, तेव्हा ते लिहायचं कारण नाही. एवढंच, की पोपटने काही दिवस रजा घेतली आणि रजेचं कारण 'घरगुती' असं दिलं.

तो कामावर परत गेला तेव्हा खिडकीवरचा पुठ्ठा निघाला होता आणि लोक पुन्हा काचेच्या भोकाशी हनुवट्या आणत होते. पुष्कळ आणत होते. रांग इमारतीच्या बाहेर, कोपऱ्यावरून वळून दिसेनाशी होत होती. ज्यांची तारीख त्याने ढकलली होती, त्यांतले काहीजण आवाजावरून त्याला ओळखत. "तुम्हीच का ते?" असं विचारत, आणि रागावत नसत. रागावले असते तर बरं झालं असतं. काहींच्या जागी त्यांची मुलं, सुना, भाऊ येत, आणि तारीख नको म्हणून सांगून जात.

महिन्याच्या मीटिंगला या वेळी सगळे एका खोलीत होते. मोठ्या बाईंनी आलेख लावला. रेघ छतापर्यंत गेली होती.

"नवे रुग्ण एकदम वाढलेत," बाई म्हणाल्या. "आणि त्यातले कितीतरी शेवटच्या टप्प्यातले. वरून विचारणा झालीय, एकाच वर्षात इतके नवे आले कुठून?"

खोकल्या खाकरला. नुसताच खाकरला.

पोपटने हात वर केला. "बाई, माझी आई नवी नाहीये."

सगळे वळले. त्याच्या आवाजात गोडी नव्हती, आणि त्यांनी तो तसा कधी ऐकला नव्हता.

"म्हणजे?"

"त्या रेघेत ती आहे ना, नव्यांमध्ये. ती जुनी आहे. मागच्या वर्षातली. मागच्या वर्षी रेघ जिथे खाली गेली, तिथे आई होती. तुम्हाला दिसली नाही, पण होती. मी तिला फोन केला होता."

बाईंनी डोळ्यांवरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांचे स्वतःचे काका याच रेघेत कुठेतरी होते, हे विभागात सगळ्यांना माहीत होतं.

"ज्या वर्षी निदान, त्या वर्षी नोंद," त्या हळूच म्हणाल्या. "नियम आहे रे. मी काय करू?" आणि पोपट तसाच उभा आहे हे बघून म्हणाल्या, "बदल हवा असेल तर लेखी दे."

बाईंनी ते मीटिंग संपावी म्हणून म्हटलं होतं. पोपटने त्याच दुपारी लेखी दिलं.

*

प्रति,
विभागप्रमुख,
तारखा व नोंदणी विभाग, कॅन्सर इमारत.

विषय: रुग्णाची नोंद योग्य वर्षात वर्ग करण्याबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयास अनुसरून कळवण्यात येते की, सदर रुग्णाची (अर्जदाराशी नाते: आई) नोंद चालू वर्षाच्या नव्या रुग्णांत करण्यात आली आहे. सदर गाठ मागील वर्षापासून अस्तित्वात होती व या कार्यालयास त्याची पूर्ण कल्पना होती. तरी सदर नोंद मागील वर्षात वर्ग करण्यात यावी.

नोंद वर्ग करतेवेळी रुग्णासही सोबत वर्ग करण्यात यावे व तपासणी मूळ तारखेस करण्यात यावी. रांगेत रुग्णाच्या पुढे जे कोणी असतील त्यांना आधी घेण्यास रुग्णाची हरकत नाही. अर्जदाराची आहे, परंतु ती विचारात घेऊ नये.

रुग्णाने दूरध्वनीवर दिलेली संमती ही अर्जदाराच्या आवाजावर विश्वास ठेवून दिलेली असल्याने ती ग्राह्य धरण्यात येऊ नये.

या अर्जावर निर्णय होईपर्यंत मागील वर्ष बंद करण्यात येऊ नये, ही नम्र विनंती.